कॉफीला औषधाचा वास

आमच्या झेलेना गावात नेस्टर बोयचुकचं नाव निघालं की माणसं अजून खाली बघतात. त्याला शिव्या द्याव्यात तर निम्म्या आपल्याच अंगावर येतात, आणि गप बसावं तर तो आठवडा आठवतो. म्हणून कुणी काही बोलत नाही. मी बोलणार आहे, कारण त्या दिवशी फोन मी उचलला होता.

मी इथली टपालवाली, व्हेरा. लाकडी खोलीच्या एका अंगाला टपालाची खिडकी आणि दुसऱ्या अंगाला गावकमिटीचं टेबल. त्या टेबलाची कारकूनही मीच. एकशेचाळीस डोक्यांच्या गावाला दोन बाया कशाला पोसायच्या, असा हिशेब. कॅनडातल्या सस्कॅचेवानात अशी गावं पायलीला पन्नास आहेत. रेल्वेफाटक, धान्याची कोठी, कांद्यासारखा घुमट असलेलं चर्च, आणि गावाच्या टोकाला पत्र्याचं पंपघर. पंपघर म्हणजे नेस्टर, आणि नेस्टर म्हणजे पंपघर.

त्या साली तो सदुसष्ट वर्षांचा होता. दांडगा गडी, मान बैलासारखी, हाताला कायम क्लोरीनचा वास. एकतीस वर्षं गावाला पाणी त्यानं पाजलं. ते पाणी त्याच्या बापजाद्यांनी खोदल्यासारखं तो "माझं पाणी" म्हणायचा. एका जानेवारीत मोठी लाईन फुटली तेव्हा मांडीएवढ्या पाण्यात उतरून त्यानं ती बांधली, आणि वर आला तर विजार अंगावरच गोठलेली. ती कात्रीनं कापून काढावी लागली. चर्चच्या स्वयंपाकघरावर राज्य करणारी तेक्लामावशी तेव्हा म्हणाली होती, "एवढ्या वर्षांत नेस्टरला कुणी बघितलं न्हवतं तसं आज अख्ख्या गावानं बघितलं, आन बघण्यासारखं कायबी न्हाई." नेस्टर स्वतःच ही गोष्ट सगळ्यांना सांगायचा.

त्याची बायको पॉलीन गेली त्या दिवशीसुद्धा तो मयताला जायच्या आधी काळ्या कोटात पंपघरात गेला. रोज सकाळी काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात पांढरी पुडी टाकायची, हलवायचं. पाणी गुलाबी झालं की क्लोरीन आहे. गुलाबी किती गडद, त्यावरून आकडा काढायचा आणि तक्त्यावर लिहायचा. त्या दिवशीचा आकडाही तक्त्यावर आहे. मी बघितलाय. असा माणूस होता, हे आधी सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटेल की हा पहिल्यापासूनच ढिसाळ होता.

आता आमच्या गावाची एक खोड सांगते. ती बाहेर कुणाला ठाऊक नव्हती.

कापणी उरकली की ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात गावजेवण होतं. आजूबाजूच्या वीस गावांतनं सहाशे माणूस येतं. कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, उकडलेल्या करंज्यांसारखी पेरोगी, लसणाचं सॉसेज, खसखशीच्या वळकट्या, आणि चार मोठ्या पिंपांतली कॉफी. वर्षभराची आमची अब्रू त्या एका दुपारी ताटात वाढलेली असते. पस्तीसेक वर्षांमागं शेजारच्या गावच्या एका पाहुण्यानं कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाला, झेलेनाची कॉफी प्यायली की दात घासायला लागत नाहीत. सगळं टेबल हसलं. तेक्लामावशीनं ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं जपून ठेवलं. तेव्हा पाण्याचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या ह्नातला तिनं दम भरला, आणि तेव्हापासून रीत पडली. जेवणाच्या आधीच्या शुक्रवारी पाण्यात क्लोरीनचं औषध सोडणारा पंप बंद करायचा आणि सोमवारी सकाळी चालू. सहाशे माणसांना पाणी कमी पडतं म्हणून त्याच शुक्रवारी तळ्याकाठची जुनी उथळ विहीरही जोडून घ्यायची. ह्नातनं हे नेस्टरला शिकवलं, तो मेल्यावर नेस्टर करत राहिला. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायांना माहीत. मलाही माहीत. कुणी कुठं लिहून ठेवलं नाही. पाहुण्यापुढं चांगली कॉफी ठेवावी, यात चूक ती काय, असंच आम्हाला वाटायचं.

गावजेवण दर वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असतं. त्या साली त्या रविवारी तळघर एका लग्नाला दिलेलं होतं, म्हणून जेवण आठवडाभर पुढं ढकललं. पुढचा सोमवार म्हणजे थँक्सगिव्हिंगची सुट्टी. एवढाच फरक. एवढ्याशा फरकानं काय होतंय, असं कुणालाही वाटेल.

आणि त्या बुधवार-गुरुवारी पाऊस असा कोसळला की शेतात उरलेला गहू आडवा झाला. तळ्याच्या वरच्या अंगाला गुरं चरतात. सगळ्या माळाचं शेण धुऊन तळ्यात उतरलं. पाणी चहासारखं झालं होतं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, नेस्टरनंही बघितलं. विहीर तळ्यापासून पन्नास पावलांवर.

शुक्रवारी त्यानं विहीर जोडली आणि औषधाचा पंप बंद केला. रविवारी सहाशे बारा ताटं उठली. तेक्लामावशी चार पिंपांमधनं फिरत होती आणि ज्याला त्याला विचारत होती, "कॉफी कशी हाय?" लोक म्हणत होते, झकास. मी तीन कप प्याले.

सोमवारी सुट्टी होती. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी नेस्टर आकडा घ्यायला जात नाही, तशी त्याला परवानगीच आहे. आणि त्या सोमवारी तो घरातनं हलायलाही तयार नव्हता, कारण त्याची लेक डारिया माहेरी आलेली. नवरा वर उत्तरेत खाणीवर, आणि मांडीवर पाच आठवड्यांची पोरगी, लेसिया. एकटा राहून राहून घराच्या भिंतीशी बोलायला लागलेला माणूस. त्याच्या हातात ते बोचकं दिलं आणि तो खुर्चीतनं उठला नाही. डारिया मला म्हणाली होती, "मावशी, बा तिला खाली ठिवतच न्हाई. मुतली तरी तसाच घेऊन बसतोय."

मंगळवारी तो पंपघरात गेला. जुनी विहीर बंद केली. औषधाचा पंप सोमवारी चालू झालेलाच असतो, असं त्याच्या अंगवळणी पडलेलं. एकतीस वर्षं तो सोमवारीच चालू झाला होता. बाहेर गाडीत डारिया आणि बाळ बसलेली, बाळाचं वजन करायला तालुक्याच्या नर्सकडं जायचं होतं. त्यानं पुडी फोडलीच नाही. रोजचा आकडा अर्धा असतो, शून्य पूर्णांक पाच. तोच लिहिला. बुधवारीही तोच लिहिला. बुधवारी पंधरवड्याची तपासणीची बाटली भरायची होती. ती त्यानं नेहमीप्रमाणं चर्चच्या स्वयंपाकघरातल्या नळावर भरली, बर्फात ठेवली आणि माझ्या खिडकीत आणून दिली. शहराच्या प्रयोगशाळेला जाणाऱ्या टपालगाडीत ती मीच चढवली. बाटलीवरच्या चिठ्ठीत क्लोरीनचा आकडा लिहायचा असतो. तिथंही शून्य पूर्णांक पाच.

गुरुवारी सकाळी तो टपाल न्यायला आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. बाळाला काल संध्याकाळपासून जुलाब लागलेत म्हणाला, रातभर कुणाचा डोळा लागला नाही. डारियानं दुधाच्या पावडरीचा डबा बदलला होता, ती त्या पावडरीला शिव्या देतेय. मी म्हटलं, बाळांचं असंच असतं, येतं नि जातं. तो गेला. त्यानंतर तासाभरात दोघं आले आणि दोघांनीही तीच गोष्ट सांगितली, एकाच्या बापाची आणि एकाची स्वतःची. मी हसून म्हटलं, गावजेवणात सॉसेज जरा जास्तच खाल्लंत. हसले, पण मनात तळ्याचं चहासारखं पाणी आलं. तो विचार मी दाबून टाकला.

दुपारी तीनला कमिटीचा फोन वाजला. नेस्टर त्या वेळी समोरच उभा होता. पावडर बदलून हवी म्हणून पार्सल परत करायला आला होता.

प्रयोगशाळेतली बाई बोलत होती. बुधवारच्या बाटलीत जंतू सापडलेत म्हणाली. नुसते कसले तरी जंतू नाहीत, शेणातले, आतड्यातले. जिल्ह्याच्या पाणीखात्याच्या साहेबांना कळवलंय, ते आत्ता फोन करतील. मी फोन ठेवला. नेस्टरला सांगितलं. पार्सल टेबलावर ठेवून तो दारातनं बाहेर पडला. मी खिडकी बंद केली आणि त्याच्या मागं.

पंपघर तिथनं दोनशे पावलं. नेस्टर पळाला नाही, पण मला त्याच्या बरोबरीनं राहायला पळावं लागलं. दार उघडलं. आत मोठ्या मोटारीची घरघर होती, रोजचीच. त्या घरघरीखाली औषधाच्या पंपाची टकटक असते. घड्याळापेक्षा सावकाश, टक, जरा थांबून पुन्हा टक. रोजच्या सवयीनं ती आहे का नाही, हे कुणी मुद्दाम ऐकत नाही. आम्ही दोघं उभे राहिलो आणि ऐकत राहिलो. टकटक नव्हती.

नेस्टर पंपाजवळ गेला आणि बटणाकडं बघत उभा राहिला. बटण खाली. शुक्रवारी त्यानंच खाली केलेलं. मग तो खिशातनं पुडी काढून नळी भरायला लागला. घाईत निम्मी पुडी जमिनीवर सांडली. पाण्यात टाकली, हलवली. गुलाबी काहीच झालं नाही. उजेडाला धरली. पाणी म्हणजे नुसतं पाणी.

तो म्हणाला, "सात दीस. व्हेरा, सात दीस झालं."

मग लगेच म्हणाला, "डारिया त्याच नळाचं पाणी बाटलीत घालती. म्याच सांगितलं तिला, उकळू नगंस, माझं पाणी हाय."

हे तो मोठ्यानं बोलला नाही. मोटारीच्या घरघरीत मला ते जेमतेम ऐकू आलं.

त्यानं बटण वर केलं आणि टकटक सुरू झाली. ती ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. पण आता पाण्याला औषध लागलं तरी पोटात गेलेलं बाहेर येत नाही.

आम्ही परत आलो तोवर फोन वाजत होता. पाणीखात्याचा साहेब. मी ओळखते त्याला, वर्षातनं एकदा येतो, कॉफी पितो, तक्ते बघतो, सही करतो. त्यानं विचारलं, गेल्या आठवड्यातले क्लोरीनचे आकडे काय आहेत, वाचून दाखवा. तक्ता कमिटीच्या टेबलावरच असतो. मी वाचला. मंगळवार शून्य पूर्णांक पाच, बुधवार शून्य पूर्णांक पाच, गुरुवार शून्य पूर्णांक पाच. गुरुवारचा आकडा नेस्टरनं त्या दिवशी सकाळीच टाकला होता.

साहेब मोकळा झाल्यासारखा बोलला. म्हणाला, "मग पाणी चांगलं आहे हो. एवढं क्लोरीन असताना हे जंतू जगत नाहीत. बाटली भरताना नळाला हात लागला असेल, किंवा झाकण खाली ठेवलं असेल. उद्या दुसरी बाटली पाठवा, परवा निकाल येईल. तोवर गावाला उगाच घाबरवू नका."

परवा म्हणजे शनिवार.

आता हे खरं सांगते, कारण नेस्टरबद्दल खरं सांगायचं तर आपलंही सांगावं लागतं. मी गप्प बसले. बटण खाली होतं हे मला माहीत होतं, आकडे खोटे आहेत हे माहीत होतं, शुक्रवारचं तर वीस वर्षं माहीत होतं. मनात असं आलं की पंप आता चालू झालाय, उद्या पाणी चांगलं येईल, परवा निकाल स्वच्छ येईल, आणि कुणाला काही कळणार नाही. नेस्टरचा परवाना राहील, गावाची अब्रू राहील, माझी नोकरी राहील. हे सगळं एका श्वासात मनात येऊन गेलं. भीती माणसाला किती हुशार करते, ते मला त्या दिवशी कळलं.

नेस्टरनं माझ्या हातातनं फोन घेतला.

"साहेब, मी नेस्टर. आकडं खोटं हायत. म्या पुडी टाकली न्हाई. पंप शुक्रवारपासनं बंद हुता, म्याच बंद केला. आन तळ्याची हीर जोडली हुती."

मग साहेबानं काहीतरी विचारलं. नेस्टर म्हणाला, "कॉफीसाठी." साहेबाला कळलं नसावं, कारण नेस्टरला तेच पुन्हा सांगावं लागलं.

नंतर म्हणाला, "माझ्या नातीला कालपासनं जुलाब लागल्यात. पाच आठवड्यांची हाय. आता पुढं काय, ते सांगा."

साहेबाचा आवाज मलाही ऐकू आला, आता तो वेगळाच होता. बाळाच्या शीमध्ये रक्त आहे का? नेस्टरनं माझ्याकडं बघितलं. सकाळी घरातनं निघताना डारियानं दुपट्याकडं बोट दाखवलं होतं आणि ह्यानं ते नीट बघितलं नव्हतं. लालसर होतं असं त्याला वाटत होतं, पण खात्री नाही. साहेब म्हणाला, आत्ता निघा, एक मिनिट थांबू नका, इस्पितळात मी फोन करतो, आणि डॉक्टरांना पाण्याचं सगळं सांगा. काही जंतू असे असतात की त्यांच्यावर नेहमीचं औषध दिलं तर उलटं होतं. कशामुळं झालंय हे कळलं नाही तर चुकीचं औषध जाईल. शेवटी म्हणाला, लहान मुलांच्या किडन्या जातात त्यानं.

नेस्टर घराकडं गेला. मी गाव धरलं.

त्या दुपारी मी चाळीस दारं वाजवली. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, नळाचं पाणी उकळल्याशिवाय तोंडात घालू नका. पण कागद बघून लोक हसतात, म्हणून तोंडानंही सांगत गेले. पहिली दोन-तीन घरं मी "तपासणीत काहीतरी आलंय" असं गुळमुळीत बोलले. चौथ्या घरात एक म्हातारी संडासातनंच ओरडली की कोण आहे, आणि तिचा आवाज ऐकून मला पुढं गुळमुळीत बोलवेना. सरळ सांगायला लागले. शुक्रवारपासनं औषध बंद होतं, तळ्याचं पाणी आलंय, गुरांचं शेण आहे त्यात. काही जण माझ्यावरच खेकसले. एकानं नेस्टरचा उद्धार केला. मी म्हटलं, शुक्रवारचं मलाही माहीत होतं. तो गप्प झाला, कारण त्याच्या बायकोलाही माहीत होतं आणि ती मागंच उभी होती.

तेक्लामावशी तिच्या घरच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती, पायाशी बादली. एक्याऐंशी वर्षांची, तोंड पांढरंफटक. मी सांगितलं. तिनं बादली पायानं बाजूला सारली.

म्हणाली, "रविवारच्याला किती पोरं हुती गं?"

मी म्हटलं, मोजली नाहीत.

"म्या मोजल्यात. बारकी ताटं म्याच वाढली. सत्त्याऐंशी." मग म्हणाली, "नेस्टरला काय बोलू नगंस. बंद कर, आसं म्या सांगितल्यालं हाय."

त्या सत्त्याऐंशी पोरांचे पत्ते आम्ही दोघींनी तिथं बसून काढले. वीस गावांतली. मी फोन लावायचा, नाव सांगायचं, आणि पलीकडची आई काय बोलते हे ऐकायच्या आधी डोळे मिटायचे. तेक्लामावशी मधेच उठून बादली घेऊन जायची आणि परत येऊन पुढचं नाव सांगायची. सतरा पोरं आजारी निघाली. प्रत्येक घरी आम्ही एकच प्रश्न विचारत होतो, रक्त आहे का. एवढी वर्षं लोकांना पार्सल आलंय म्हणून हाक मारली. हा प्रश्न विचारताना आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही.

सगळ्यांचं पुढं काय झालं ते सांगून टाकते. गावातली एकतीस माणसं पडली, बाहेरगावची चाळीसच्या वर. दोन म्हातारे इस्पितळात राहिले आणि परत आले. मेलं कुणी नाही. नेस्टरचा परवाना गेला. आता शहराकडनं एक बाई पाणी तपासायला आठवड्यातनं तीनदा येते. तळ्याची विहीर काँक्रीट ओतून कायमची बुजवली. गावजेवणाच्या कॉफीला हल्ली पोहायच्या टाकीसारखा वास येतो. तेक्लामावशी वाढते, लोक पितात, आणि कशी आहे असं ती कुणाला विचारत नाही.

पण त्या आठवड्यात यातलं काहीच ठरलेलं नव्हतं.

लेसियाला आधी तालुक्याच्या इस्पितळात नेलं, तिथनं त्याच संध्याकाळी शहराच्या मुलांच्या इस्पितळात. नेस्टरनं दारातच डॉक्टरला धरून सगळं सांगितलं, बंद पंपापासनं खोट्या आकड्यापर्यंत. डारिया ते पहिल्यांदाच ऐकत होती. ती त्याला काही बोलली नाही, हे तिनंच नंतर मला सांगितलं. चार दिवस बोलली नाही. बाप खोलीत आला की ती खिडकीकडं तोंड करायची. तो बाहेर व्हरांड्यात खुर्चीवर बसून राहायचा.

सोमवारी मी टपालाची खिडकी बंद ठेवली आणि डारियाचे कपडे घेऊन शहरात गेले. बाळ काचेच्या पेटीत होतं. जुलाब थांबले होते, आणि मी मूर्खासारखी म्हटलं, मग बरं आहे की. डारिया म्हणाली, "मावशी, तेच वंगाळ हाय. डाक्टर म्हन्त्यात, जुलाब थांबल्यावरच किडनीचं कळतंय. कालच्या दुपारपासनं मुतली न्हाई."

बाळाचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. पापण्या फुगलेल्या. डॉक्टर येऊन गेली. म्हणाली, संध्याकाळपर्यंत बघू, नाही झाली तर रक्त धुवायच्या मशीनवर घ्यावं लागेल. एवढ्या लहान पोरीला मशीन कुठं लावतात, हे मी विचारलं नाही. मला ऐकायचं नव्हतं.

तिथं एक काम होतं. दर दोन तासांनी बाळाच्या बुडाखालचं दुपटं काढायचं, बारक्या काट्यावर ठेवायचं आणि वजन तक्त्यावर लिहायचं. इस्पितळातली दुपटी एकाच वजनाची असतात, कोरडं बावीस ग्रॅम. जास्त भरलं तर तेवढं मूत. नर्सला दहा बाळं बघायची असतात, म्हणून आईबापांना शिकवतात. डारियाचे हात चालत नव्हते. दुसऱ्या दिवसापासनं हे काम नेस्टरकडं आलं होतं. ती त्याच्याशी बोलत नसली तरी दुपटं त्याच्या हातात देत होती.

मी तो तक्ता बघितला. त्याचं अक्षर मी कुठंही ओळखेन. बावीस. बावीस. बावीस. रविवारी दुपारपासनं एकाखाली एक. प्रत्येक आकड्यापुढं दोन बारीक खुणा. मी विचारलं, ह्या कशाच्या. म्हणाला, दोनदा तोलतो.

दुपारी चारला डारियानं दुपटं काढलं आणि तसंच त्याच्याकडं दिलं. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. नेस्टरनं आधी काटा पुसला. मग रिकामा काटा शून्यावर आणला, थांबला, पुन्हा बघितला. दुपटं ठेवलं. आकडा हलला आणि थांबला. तो वाकून बघत राहिला. मग त्यानं दुपटं उचललं, काटा परत पुसला, परत शून्यावर आणला, आणि परत ठेवलं. त्याची मान लाल झाली होती. पेन हातात होतं, पण तो लिहीना.

डारियानं पहिल्यांदा त्याच्याकडं तोंड केलं. "बा, किती?"

नेस्टर बाजूला सरला आणि मला म्हणाला, "तू वाच. म्या वाचल्यालं धरायचं न्हाई."

मी चष्मा काढून पुसला, कारण मलाही माझा भरवसा नव्हता. मग वाकले आणि मोठ्यानं वाचलं.

"एकतीस."

डारियानं ते दुपटं काट्यावरनं उचललं आणि दोन्ही हातांत धरून वास घेतला. मग बापाकडं दिलं. म्हणाली, लिही. त्यानं एकतीस लिहिलं, पुढं दोन खुणा केल्या, आणि खाली बसला. पुढचं दुपटं सहाला होतं. तोवर त्यानं काटा अजून चारदा पुसला.